काजूची बी : वसंत ऋतूतला आमच्या घरचा एक धडा

चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने, हे आपण तिसरीपासून पाठ म्हणतो. पुस्तकातल्या चित्रात वसंत म्हणजे कोकिळा, मोहोर आणि फुलांच्या वेली. आपल्या रत्नागिरीकडे मोहोर थंडीतच येतो. चैत्रात तर बागांतून आंबे उतरायला सुरुवात होते. शिमग्याची पालखी घरोघर नाचून जाते न जाते तोच करवंदे काळी होऊ लागतात, मग फणस आणि शेवटी रातांबे. शाळा सकाळची असते. बाबा आंबे उतरवायला आणि आई आंबे निवडायला बागेत जातात. म्हणून दुपारी घर आम्हां तीन भावंडांचे आणि आजीचे. मी सातवीत, धाकटी बहीण चौथीत आणि छोटू चार वर्षांचा.

पावसच्या वरच्या बाजूला सड्याला लागून आमची वाडी आहे. घरामागे आमची अकरा काजूची झाडे आहेत. या वर्षी त्या झाडांखाली एक गोष्ट घडली. ती सांगते आणि तिच्यावरून आम्ही जो अभ्यास केला तोही सांगते.

आमच्या दुपारच्या स्वाऱ्या

काजूच्या दिवसांत आमची कामे ठरलेली असतात. पहाटे उठून मी आणि बहीण मोठ्या आंब्याखाली जातो. तुम्ही म्हणाल, काजू वेचायला आंब्याखाली कशाला? रात्री वटवाघळे पिकलेला बोंडू तोंडात धरून उडतात आणि मोठ्या झाडावर जाऊन बसतात. बोंडू चोखून खातात आणि बी खाली टाकतात. सकाळी त्या बिया आम्हांला आयत्या मिळतात. दुसऱ्याच्या झाडाची बीसुद्धा वटवाघूळ आमच्या अंगणात आणून टाकते! मग शाळेतून आल्यावर आमच्या झाडांखालच्या बिया वेचायच्या. बोंडू पिरगळून बी सुटी करायची, उन्हात वाळवायची आणि पोत्यात भरायची. या बिया विकून जूनमध्ये आमच्या वह्या आणि छत्र्या येतात. त्यामुळे हे काम खेळाचे असले तरी खोटे नाही.

दुपारी मात्र बियांचा खरा खेळ. रेघ मारून बिया ओळीने मांडायच्या आणि लांबून एक जड बी नेमाने मारायची. जेवढ्या बिया रेघेबाहेर उडतील तेवढ्या आपल्या. मारायची बी जड असली तर नेम चांगला बसतो. हिरवी बी वाळलेल्या बीपेक्षा मोठी आणि जड असते. म्हणून मी झाडावरून दोन-तीन हिरव्या बिया तोडून ठेवल्या होत्या.

पाडव्यानंतरची दुपार

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा खेळ रंगात आला होता. मी जिंकत होते. छोटू सारखा माझ्या फ्रॉकला धरून "मला पण, मला पण" करत होता. त्याला गप्प करण्यासाठी मी एक हिरवी बी त्याच्या हातात दिली आणि म्हटले, "जा, तिकडे बसून खेळ." मग माझे त्याच्याकडे लक्षच राहिले नाही.

थोड्या वेळाने त्याचा रडण्याचा आवाज आला. बघते तर बी त्याने दाढेखाली धरून चावली होती. ओठ लाल झाले होते आणि तो "भाजलं, भाजलं" म्हणून ओरडत होता. बहिणीने आजीला हाक मारली. आजी चूल टाकून धावत आली.

"मेल्या, तोंडात घातलंस काय ते? अगो, त्याचे हात धर आधी! डोळ्यांना लावील तो!" आजी म्हणाली.

मी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. आजीने फडक्यावर खोबरेल घेऊन त्याचे ओठ आणि बोटे अलगद पुसली. फडके फिरवून फिरवून स्वच्छ बाजूने पुसत होती. मग साबणाच्या पाण्याने हात-तोंड धुतले आणि त्याला साध्या पाण्याच्या पुष्कळ चुळा भरायला लावल्या. पाणी गिळू दिले नाही. तेवढ्यात बाबा आले आणि त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याचा घसा आणि डोळे तपासले. ते ठीक होते. पण ओठ सुजले, कोपऱ्यावर फोड आले आणि नंतर काळी साल निघाली. नऊ दिवस त्याला थंड केलेल्या मऊ पेजेशिवाय काही खाता आले नाही. घरात पहिले आंबे आले तेव्हा आम्ही खात होतो आणि तो नुसता बघत होता.

मी न सांगितलेली गोष्ट

बी कुठून आली, हे कोणी विचारले नाही. सर्वांना वाटले, त्याने ती खालून उचलली. आईने त्या रात्री सांगून टाकले, "उद्यापासून कोणी काजूखाली जायचे नाही. बिया पडून कुजल्या तरी चालतील." बहिणीची काही चूक नसताना तिच्याही छत्रीचे पैसे गेले. ती काही बोलली नाही, पण रिकामे पोते घडी करून ठेवताना तिचा चेहरा मी पाहिला.

तिसऱ्या रात्री मी आजीजवळ झोपले होते. मी हळूच म्हटले, "आजी, ती बी मीच दिली होती."

आजी म्हणाली, "मला ठाऊक होतं. हिरवी बी आपणहून खाली पडत नाही आणि छोटूचा हात फांदीला पोचत नाही. तू कधी सांगतेस ते बघत होत्ये."

मला रडू आले. आजी पुढे म्हणाली, "आता सकाळी आईला सांग. आणि नुसतं सांगू नको. त्या बीमध्ये काय आहे ते नीट शिकून घे आणि धाकट्यांना शिकव. काजूच्या दारात राहायचं आणि काजू ओळखायचा नाही, हे कसं चालेल?"

सकाळी मी आईला सांगितले. ती रागावली, बोललीही. पण बहिणीला दोष नाही हे तिला पटले. गुरुजींना मी सर्व सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "हाच आपला वसंत ऋतूचा पाठ. चला, बी उघडून पाहू."

बी उघडून पाहिली

गुरुजींनी हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या आणि अडकित्त्याने एक बी फोडली. आम्ही लांबून पाहिले. बीचे कवच एकसंध नसते. बाहेर एक टणक पापुद्रा, आत एक टणक पापुद्रा आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी. त्या जाळीच्या घरांत दाट तेल भरलेले असते. आपण त्याला काजूचा चीक म्हणतो. गुरुजींनी कवच पांढऱ्या कागदावर दाबले, तेव्हा तपकिरी डाग पडला आणि पसरत गेला. या तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल हे पदार्थ असतात. तेच कातडी भाजल्यासारखी करतात. आतला गर मात्र निर्मळ असतो. त्याच्यावर एक पातळ साल असते.

म्हणजे चीक हा झाडाने बीला दिलेला पहारेकरी आहे. वटवाघूळ, खार, माकड यांनी बोंडू खावा आणि बी टाकून द्यावी, म्हणजे नवे झाड उगवते. वटवाघळाला जे कळते ते छोटूला कळत नव्हते. मला कळत असून मी विसरले.

फळ कोणते?

गुरुजींनी विचारले, "काजूचे फळ कोणते?" आम्ही सगळे ओरडलो, "बोंडू!" ते चूक आहे. खरे फळ म्हणजे ती बी. बोंडू हा फुलाचा फुगलेला देठ. म्हणूनच बी आत नसून बाहेर लोंबते.

हे आम्ही ताडून पाहिले. होळीच्या दिवशी बहिणीने एका घोसाला लाल दोरा बांधला होता. तेव्हा बी हिरवी आणि चांगली मोठी होती, पण तिच्यावरचा देठ शेंगदाण्याएवढाच होता. पाडव्याला तोच देठ लिंबाएवढा होऊन पिवळा पडू लागला होता आणि बी वाढायची थांबली होती. म्हणजे आधी बी वाढते, मग बोंडू फुगतो. बी तयार झाल्याशिवाय झाड खाऊ वाटत नाही!

बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर असते. खाताना घसा खवखवतो म्हणून आपण मीठ लावतो. त्याचा रस कपड्याला लागला तर डाग जात नाही, हे सर्व आयांना माहीत आहे.

काजूचे माहेर आणि नातेवाईक

काजू मूळचा आपला नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. तिकडच्या तुपी लोकांचा 'अकाजू' हा शब्द, त्याचा पोर्तुगीजांनी 'काजू' केला आणि तोच आपण बोलतो. ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिकडे वसंत ऋतू सप्टेंबर ते डिसेंबर असतो आणि काजूचा हंगामही साधारण त्याच सुमारास. म्हणजे माहेरी काय, सासरी काय, काजू वसंतातच पिकतो.

आपल्या जांभ्याच्या सड्यावर माती थोडी, तरी काजू तग धरतो. वेंगुर्ले येथे १९५७ साली फळ संशोधन केंद्र सुरू झाले. तेव्हा वेंगुर्ले आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. हे केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे आहे आणि ते विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथे वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा चांगल्या जाती तयार झाल्या. वेंगुर्ला-७ ची एक बी सुमारे १० ग्रॅमची भरते. आमच्या गावठी झाडाच्या २० बिया दुकानात तोलल्या, तर ११० ग्रॅम भरल्या. भागाकार तुम्ही करा.

काजूचे नातेवाईक ऐकून आम्हांला नवल वाटले. आंबा, बिब्बा, आंबाडा, चारोळी आणि पिस्ता हे सर्व एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की ओठ उततो, तो याच घराण्याचा गुण. बिब्ब्याचे तर विचारूच नका. पूर्वी धोबी त्याच्या तेलाने कपड्यांवर खुणा करत. बिब्ब्यालाही काजूसारखा फुगलेला देठ असतो आणि त्याच्या आतला गर म्हणजे गोडंबी आपण लाडवात घालतो.

चीक नुसता वाईट आहे असे मात्र नाही. कारखान्यांत कवचातून हे तेल काढतात. ते रंग, व्हार्निश आणि मोटारीच्या ब्रेकच्या अस्तरात वापरतात.

आजीची भाजण्याची रीत

आजी बिया घरात कधी भाजत नाही. अंगणाच्या कडेला तीन दगड मांडते, वारा कुठून येतो ते पाहते आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते. भोके पाडलेल्या जुन्या पत्र्यावर बिया टाकते आणि लांब काठीने हलवते. तेल सुटले की बिया भडकन् पेटतात. धूर डोळ्यांत आणि घशात गेला तर त्रास होतो, म्हणून मुले लांब. मग पत्रा उलटा करून बियांवर माती आणि राख टाकते. आग विझते आणि उरलेला चीक मातीत शोषला जातो. बिया गार झाल्यावर हाताला खोबरेल आणि राख लावून ती दगडाने फोडते. चार किलो बियांतून साधारण एक किलोच्या आसपास गर निघतो. म्हणून काजू महाग, असे आजी म्हणते.

लक्षात ठेवा

१. काजूची बी, ओली किंवा वाळलेली, दातांनी कधीही फोडू नये.
२. लहान मुलांच्या हातात बी देऊ नये. खेळायला द्यायचीच तर आंब्याची सुकलेली कोय द्यावी.
३. बिया वेचल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याआधी डोळे चोळू नयेत.
४. चीक लागल्यास खोबरेलाने पुसावा, मग साबण आणि पुष्कळ पाणी. तोंडात किंवा डोळ्यांत गेल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.
५. बिया घरात किंवा बंद पडवीत भाजू नयेत.

करून पहा

एका काजूच्या घोसाला दोरा बांधा आणि आठ आठ दिवसांनी बी व बोंडू दोऱ्याने मोजून वहीत लिहा. कोण आधी थांबते आणि कोण नंतर वाढते ते सांगा. आपल्या घरात काजूबद्दल कोणाला काय माहीत आहे, हे आजी-आजोबांना विचारा.

निकालाला आलेल्या पालकांना एक विनंती. आम्हांला काजूखाली जाऊ देऊ नका असे म्हणू नका. आमच्याबरोबर एकदा या आणि काय धरायचे, काय धरायचे नाही ते दाखवा. माझ्या आईने तसेच केले. आता पोते पुन्हा भरू लागले आहे. दोन्ही छत्र्या येतील.

छोटूचे ओठ बरे झाले आहेत. काल त्याने पहिला आंबा खाल्ला. खाण्याआधी देठाकडे बोट दाखवून मला विचारले, "यात चीक हाय?" मी देठ कापून चीक गळू दिला, आंबा धुतला आणि मग त्याला दिला.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी