न्यायाधीशाची जबाबदारी



न्यायासनावर बसलेल्या मनुष्यानेंच अन्याय केला, तर दाद कोणाकडे मागावी? हा प्रश्न फार जुना आहे, व प्राचीन रोमन लोकांनीं त्यास दिलेलें उत्तर मनन करण्याजोगें आहे.

रोममध्यें दिवाणी दाव्याचा निवाडा देणारा मनुष्य पगारी अधिकारी नसे. प्रेटर नांवाचा अधिकारी वादाचा मुद्दा लिहून देई व निर्णय एका नागरिकाकडे सोंपवी. आपल्या पंचासारखाच हा प्रकार होय. ख्रिस्तपूर्व 450 च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यांत, लांच घेणाऱ्या न्यायाधीशास देहान्त शिक्षा सांगितली होती. पुढें आणखी एक नियम रूढ झाला. न्यायाधीशानें स्नेहानें, वैरानें वा लोभानें कायदा डावलला, तर ‘त्यानें दावा आपला केला’ असें म्हणत. मग पक्षकाराचें नुकसान त्यास पदरचें भरून द्यावें लागे. इ. स. 533 मध्यें जस्टिनियन बादशहाच्या कायदेग्रंथानें अज्ञानानें झालेली चूकही यांत धरली.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. अलिबाग, महाड अशा तालुक्यांचे मामलेदार पूर्वी वसुलीबरोबर मॅजिस्ट्रेटचें कामही करीत. जमिनीच्या ताब्याचे दावेही त्यांच्यापुढें चालत. 1888 सालीं पुण्याचे कमिशनर क्रॉफर्ड यांनीं बढत्या-बदल्यांसाठीं मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला. खरी साक्ष देणारांस सरकारनें अभयवचन दिलें. लांचेचा आरोप चौकशी-मंडळास सिद्ध वाटला नाहीं. तरी क्रॉफर्ड यांस नोकरींतून काढण्यांत आलें. परंतु खरा पेंच पुढेंच होता. पैसे दिल्याची कबुली देणारे मामलेदार न्यायासनावर राहावेत काय? दिलेलें वचन पाळावें, असें टिळकांचें म्हणणें होतें. 1889 च्या कायद्यानें मामलेदारांस खटल्यांपासून संरक्षण मिळालें. तरी कांहींना पदास मुकावें लागलें. वचन मोडणें वाईट खरें. पण ज्यानें आसन विकत घेतलें तो निकाल विकणार नाहीं, अशी खात्री गरीब पक्षकारास कशी वाटावी?

न्यायाधीशानें निर्भयपणें निकाल द्यावा, म्हणून प्रामाणिक चुकीबद्दल त्याच्यावर दावा लावतां येत नाहीं. 1850 सालापासून तसा कायदा आहे. परंतु जाणूनबुजून, भ्रष्ट हेतूनें बेकायदा निकाल देणें हा 1860 च्या दंडविधानांत गुन्हा होता, व 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही आहे. त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

मित्रहो, तुम्हीही खेळांत पंच होतां, घरीं धाकट्यांचीं भांडणें तोडतां. त्या वेळीं रोमन लोकांचे शब्द आठवा, आणि दुसऱ्याचा दावा आपला होऊं देऊं नका.