ढालीचं वजन खांद्याला दे

ग्रीक नाटकासाठी ढाली करायचं काम तू अंगावर घेतलंस, हे ऐकून मामाला फार बरं वाटलं. पण करवत लावण्याआधी माझं ऐकून घे.

तीस वर्षांपूर्वी मीही अशीच एक ढाल केली होती. १८ एमएम प्लायची सपाट चकती, व्यास ९० सेंटिमीटर, मधोमध मूठ. काट्यावर भरली सात किलोच्या आसपास. खरी ग्रीक ढालही सहा ते आठ किलोंचीच असायची, म्हणून मी निर्धास्त होतो. तालमीत दहा मिनिटांत त्या मुलाचं मनगट भरून आलं, ढाल हातातून सुटली आणि शेजारच्याच्या पायावर पडली. अंगठ्याचं नख गेलं त्याचं. वजन बरोबर होतं, ते टांगलं होतं चुकीच्या जागी. हे मला फार उशिरा उमगलं.

ग्रीक पायदळाच्या ढालीला ते ‘आस्पिस’ म्हणत. तिच्या मध्यावर मूठ नसतेच, तिथे ब्राँझचं रुंद कडं असतं, ‘पोर्पाक्स’. त्यातून डावा हात कोपरापर्यंत घालायचा आणि पंजाने काठाजवळची दोरी किंवा चामड्याची वादी पकडायची. आपल्याकडची ढाल लहान, मागचे बंद मुठीत धरून फिरवायची. तिचा हिशेब इथे लावू नकोस. कडं हाताच्या मापाचं घे. सैल राहिलं तर ढाल हातावर गरगरते, म्हणून आत चामडं लाव.

आता खोलगटपणा. ही ढाल परातीसारखी खोल असते आणि तिला चार-पाच सेंटिमीटरचा आडवा काठ असतो. हा काठ शोभेचा समजून गाळू नकोस. ढालीची खोल बाजू खांद्याभोवती बसते, काठ खांद्यावर टेकतो आणि सगळा भार तिथे उतरतो. रांगेत थांबलेला माणूस तासभर उभा राहायचा तो या काठाच्या जिवावर. कूच करताना तर ढाल बहुधा नोकराच्या खांद्यावर असायची.

लाकूड हलकं आणि चिवट हवं. सागवानाचा मोह टाळ. इटलीत बोमार्झोला सापडलेली, आता व्हॅटिकनमध्ये असलेली ढाल पॉप्लरची आहे, विलोही वापरत. रोमन लेखक प्लिनी याचं कारण सांगतो: पाण्याकाठच्या या झाडांच्या लाकडाला घाव बसला तर ते घावाभोवती आवळून येतं. क्रिकेटची बॅट विलोची का, ते आठव. काश्मिरी विलोच्या फळ्या मिळाल्या तर कडेला कड सरसाने जोड, आतून कोर, आणि मधला भाग पातळ ठेवून कडेची भिंत जाड राख. वार सरकून भिंतीकडे जातो आणि वाकण्याचा ताणही तिथेच येतो.

पत्र्याबद्दल एवढंच, की तोंडावर पूर्ण ब्राँझ चढवायचं तर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यानेही तीनेक किलो वाढतात. बऱ्याच ग्रीक ढालींना फक्त काठाला ब्राँझ असायचं. तूही तेवढंच कर, बाकी रंगव. अथेन्सच्या आगोरा संग्रहालयात एक चेमटलेला पत्रा आहे, इ. स. पू. ४२५मध्ये पायलोसला स्पार्टनांकडून हिसकावलेल्या ढालीचा. ती कोणाकडून आणि कुठे हिसकावली, हे विजेत्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी त्यावर ठोकून ठेवलंय. लाकूड कधीच गेलं, पण पत्र्यावर अक्षरं अजून लागतात. फोटो पाहशील तेव्हा त्याचा काठ नीट बघ.

आणि दिग्दर्शकाला हे सांग. कडं मधोमध असल्यामुळे अर्धी ढाल धरणाऱ्याच्या डावीकडे बाहेर येते, म्हणजे ती शेजाऱ्याची उजवी, उघडी बाजू झाकते. थुसिडिडीस इ. स. पू. ४१८च्या मँटिनिआच्या लढाईबद्दल लिहिताना म्हणतो, की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या ढालीच्या आडोशाला सरकतो, म्हणून सगळं सैन्यच उजवीकडे घसरत जातं. तुझ्या मुलांना मंचावर खेटून उभं कर. उजव्या टोकाच्या मुलाला कोणाचीच ढाल नसते. तिथे सगळ्यात धीराचा मुलगा ठेव.

पहिली ढाल झाली की रंग द्यायच्या आधी माझ्याकडे घेऊन ये. माझ्या खांद्यावर अर्धा तास ठेवून बघू.