पाण्याचा झोत आणि लेखकाची लेखणी

नळाची तोटी किंचित उघडली असता पाण्याची धार काचेच्या कांबीसारखी स्वच्छ व निश्चल दिसते. तीच तोटी पूर्ण उघडली की धारेत खळबळ माजते आणि तिची पारदर्शकता नाहीशी होते. पहिल्या प्रकारास शास्त्रज्ञ ‘स्तरीय प्रवाह’ म्हणतात व दुसऱ्यास ‘संक्षुब्ध प्रवाह’. संक्षुब्ध प्रवाहातील एखादा कण थोड्या वेळाने नेमका कोठे असेल, हे सांगता येत नाही. त्याचप्रमाणे, लेखक आपले पुढील वाक्य कोणत्या शब्दाने आरंभील हेही सांगता येत नाही. असे असूनही संक्षुब्ध झोताचे नियम सापडले, आणि निनावी लेखनाचा कर्ता कोण याचा निर्णयही काही प्रसंगी लागला. दोन्ही ठिकाणी यश मिळाले ते एकाच गुणामुळे. तो गुण म्हणजे धीराने केलेले मोजमाप आणि योग्य तुलना. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

संक्षुब्धतेच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ साली घातला. काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात त्यांनी रंगाची बारीक रेघ सोडली. वेग कमी असताना ती रेघ सरळ राही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती एकाएकी विस्कटून सर्व पाण्यात मिसळून जाई. ही मर्यादा केवळ वेगावर अवलंबून नव्हती. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा चिकटपणा या तिन्हींच्या एका गुणोत्तराने ती ठरत होती. त्या गुणोत्तरास पुढे ‘रेनल्ड्स अंक’ हे नाव पडले. निरनिराळ्या नळ्या व निरनिराळे द्रव एका मापाने तोलण्याची सोय त्यामुळे झाली.

आता झोताकडे वळू. गोल तोंडातून वेगाने बाहेर पडलेली हवा स्थिर हवेत शिरते, तेव्हा झोताच्या कडेशी भोवरे उत्पन्न होतात आणि ते बाहेरची हवा आत ओढून घेतात. तोंडापासून सुमारे पाच व्यासांच्या अंतरापर्यंत झोताचा गाभा अबाधित राहतो. पुढे भोवरे मध्यरेषेपर्यंत पोहोचतात आणि झोत शंकूच्या आकाराने पसरू लागतो. त्या शंकूचा कोन सुमारे २४ अंशांचा असतो. हवेत हवा सोडा किंवा पाण्यात पाणी सोडा, झोत पुरेसा संक्षुब्ध असेल तर कोन जवळजवळ तोच राहतो. अंतर दुप्पट झाले की झोताची रुंदी दुप्पट होते व मध्यरेषेवरील वेग निम्मा होतो. झोताचा एकंदर संवेग कायम राहतो. मात्र तो अधिकाधिक हवेत वाटला जातो, म्हणून वेग घटतो.

बाहेरून किती हवा आत येते, हे मोजणे सोपे नव्हते, कारण झोताच्या कडेला ती अतिशय मंद गतीने सरकत असते. १९६१ साली रिकू व स्पाल्डिंग या संशोधकांनी यावर एक सुंदर युक्ती योजिली. त्यांनी झोताभोवती सच्छिद्र भिंतीचे नळकांडे बसविले आणि त्या भिंतीतून बाहेरून हवा पुरविली. आतील दाब सर्वत्र समान होईपर्यंत ते हवा वाढवीत गेले. दाब समान झाला, म्हणजे झोताला हवी तेवढीच हवा मिळाली, आणि पुरविलेली हवा तर मोजता येतेच! या मोजमापावरून असे दिसले की ३० व्यासांच्या अंतरावर झोतातील हवा मूळ हवेच्या सुमारे दहापट झालेली असते.

झोताच्या आतील वेग मोजण्यासाठी तप्त तारेचे साधन वापरतात. केसापेक्षा कित्येक पट बारीक अशी टंगस्टनची तार विजेने तापवून प्रवाहात धरावयाची. वारा वाढला की ती निवते, निवली की तिचा विद्युत् रोध बदलतो, आणि त्यावरून क्षणोक्षणीचा वेग कळतो. या तारेने एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. दूरवरच्या झोतात मध्यरेषेवरील वेग आपल्या सरासरीभोवती सुमारे एक चतुर्थांशाइतका वरखाली होत असतो. नुसती सरासरी पाहणाऱ्यास हे चांचल्य कधीच दिसले नसते. पुढे १९७१ साली क्रो व शँपेन यांनी असे दाखविले की गोंधळाच्या भासणाऱ्या या झोतातही मोठ्या भोवऱ्यांची एक सुव्यवस्थित मालिका दडलेली असते.

या सर्व प्रयोगांतील मुख्य मर्म विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. दोन झोतांची तुलना करताना अंतर हाताने किंवा मीटरने न मोजता तोंडाच्या व्यासाने मोजतात, आणि वेग त्या त्या ठिकाणच्या मध्यरेषेवरील वेगाच्या प्रमाणात मांडतात. असे केले म्हणजे लहानमोठ्या झोतांचे वेगळाले आलेख एकाच रेषेवर येऊन बसतात. समान भूमिकेवर आणल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, हाच याचा बोध.

मोजमापाची ही दृष्टी वाङ्मयात आणण्याचा एक आरंभीचा प्रयत्न एका पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानेच केला, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. अमेरिकेचे टॉमस कॉर्विन मेंडेनहॉल यांनी १८८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. जसा प्रत्येक मूलद्रव्याचा वर्णपट निराळा, तसा प्रत्येक लेखकाचा ‘शब्दपट’ही निराळा असावा, अशी त्यांची कल्पना होती. एका अक्षराचे शब्द किती, दोन अक्षरांचे किती, तीन अक्षरांचे किती, अशी गणती करून ते आलेख काढीत. १९०१ साली त्यांनी शेक्सपिअर व बेकन यांच्या लेखनाची अशी गणती प्रसिद्ध केली. शेक्सपिअरच्या लेखनात चार अक्षरी शब्द सर्वांत अधिक निघाले, बेकनच्या लेखनात तीन अक्षरी. शेक्सपिअरची नाटके वास्तविक बेकननेच लिहिली, असे मानणारा एक पक्ष त्या काळी होता. या आलेखांनी त्याला उत्तर मिळाले, असे पुष्कळांस वाटले.

परंतु येथेच एक खाच होती. शेक्सपिअरचे लेखन बहुतांशी पद्य, तर बेकनचे गद्य. १९७५ साली सी. बी. विल्यम्स यांनी सर फिलिप सिडनी या एकाच लेखकाचे गद्य व पद्य तपासले, तेव्हा त्या दोहोंतही तसाच फरक आढळला! म्हणजे मेंडेनहॉल यांनी मोजलेला फरक दोन व्यक्तींचा नसून दोन लेखनप्रकारांचा असू शकत होता. त्यावरून बेकन हाच शेक्सपिअर असे ठरत नाही. केवळ त्या एका पुराव्याचे बळ गेले. गणती बिनचूक होती, तुलना मात्र समान भूमिकेवरची नव्हती.

खरे यश मिळाले ते अमेरिकेतील ‘फेडरलिस्ट’ लेखांच्या बाबतीत. नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख निघाले. ते हॅमिल्टन, मॅडिसन व जे या तिघांचे. त्यांतील १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घ काळ चालला. फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी आरंभी वाक्यांच्या लांबीची सरासरी काढून पाहिली. हॅमिल्टनची सरासरी ३४.५५ शब्द, आणि मॅडिसनची ३४.५९! सरासरीने काहीच सांगितले नाही. पुढे मॉस्टेलर व डेव्हिड वॉलेस यांनी क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दांकडे लक्ष वळविले. ‘वर’ या अर्थाचा ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरी, मॅडिसन क्वचितच. ‘असताना’ या अर्थी एकाला ‘व्हाइल’ रुचे, दुसऱ्याला ‘व्हाइल्स्ट’. विषय कोणताही असो, असे शब्द लेखक नकळत योजीत असतो. म्हणून विषयाच्या पालटाने त्यांचे प्रमाण फारसे ढळत नाही. अशा अनेक शब्दांच्या एकत्रित साक्षीवरून, १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, बाराही लेख मॅडिसनचे असावेत असा त्यांनी प्रबळ संभवाचा कौल दिला. लेखही एकाच प्रकारचे, काळही एकच, विषयही एकच. म्हणून ही तुलना टिकली.

आपल्या मराठीतही असा प्रश्न उपस्थित झालेला आहे. ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांचा कर्ता एकच की दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी उभा केला. उद्या कोणी केवळ शब्द मोजून त्याचा निकाल लावू म्हणेल, तर त्याने वरील दोन्ही कथा आठवाव्यात. ज्ञानेश्वरी हा ओवीबद्ध टीकाग्रंथ, तर अभंग ही गेय व स्फुट रचना; तेव्हा मेंडेनहॉल यांची खाच येथेही आहे. शिवाय ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी शके १५०६ मध्ये एकनाथांनी केली, आणि अभंग तर पिढ्यान्‌पिढ्या गायकांच्या मुखी व नकलनविसांच्या हाती फिरले. ज्या लहान शब्दांवर भिस्त ठेवावयाची, तेच अशा प्रवासात सर्वांत आधी बदलतात. एखाद्याच्या नावाची मुद्रा अभंगाच्या शेवटी घालणे तर कोणासही शक्य होते.

याचा अर्थ मोजमाप व्यर्थ आहे असा नव्हे. संक्षुब्ध प्रवाहाचा पायाभूत सिद्धांत १९४१ साली मांडणारे थोर रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९६० नंतरच्या काळात रशियन कवितेच्या छंदांचाही संख्याशास्त्रीय अभ्यास केला. प्रवाह आणि काव्य या दोहोंकडे त्यांनी गणिताच्या दृष्टीने पाहिले, आणि त्यामुळे काव्याचे काव्यपण कमी झाले नाही.

विद्यार्थिमित्रांनो, याचा एक छोटा प्रयोग तुम्हांसही करता येईल. दोन लेखकांचे एकाच प्रकारचे, म्हणजे निबंधास निबंध किंवा कथेस कथा, असे प्रत्येकी दोन हजार शब्द घ्या. त्यांत ‘आणि’ किती, ‘व’ किती, ‘पण’ किती, ‘परंतु’ किती, हे मोजून कोष्टक मांडा. नंतर त्याच लेखकांचे दुसरे दोन हजार शब्द घेऊन तीच गणती पुन्हा करा. एकाच लेखकाच्या दोन गणतींतील अंतर दोन लेखकांमधील अंतराहून पुष्कळ कमी निघाले, तरच तुमच्या मापात काही अर्थ आहे असे समजा. तसे न निघाल्यास, तेही निःसंकोचपणे लिहून ठेवा.

कोणाची कृती कोणाच्या नावावर जावी, हा प्रश्न लहान नाही. त्यात एकाचे श्रेय दुसऱ्यास जाते, आणि कधी निरपराध्यावर चोरीचा आळही येतो. अशा वेळी ‘मला वाटते’ एवढ्या आधारावर निर्णय देणे जितके अन्यायाचे, तितकेच चुकीच्या तुलनेवर आकड्यांचा शिक्का मारणेही अन्यायाचे. भोवरा असो वा शब्द, एकटा तो काही सांगत नाही; अनेकांची साक्ष, समान भूमिकेवर व शांत चित्ताने घेतली, तरच ती सत्याच्या जवळ नेते.