‘रिमास्टर्ड’ छापलंय म्हणून जादा पैसे?

उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची एलपी इंदूरच्या गाणं ऐकणाऱ्या माणसाला वेगळी सांगायला नको. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. अशी एखादी जिवाभावाची तबकडी आज पुन्हा ऐकायची तर वाटा बऱ्याच आहेत. फोनवर जाहिराती सोसल्या तर फुकट. वर्गणी भरली तर महिन्याला साधारण शंभर ते तीनशे रुपये. जुनी सीडी हाती लागली तर तीही तेवढ्यातच. जुनी एलपी दोनशेपासून हजार-दीड हजारापर्यंत. विकणाऱ्याने तुमचे डोळे चमकलेले पाहिले तर त्याहून जास्त. आणि नव्याने छापलेली, कव्हरवर ‘रिमास्टर्ड’ असं ठसठशीत लिहिलेली एलपी दीड ते तीन हजार, परदेशी असेल तर पाच हजारांपर्यंत. भाव ढोबळ आहेत, वरखाली होतात. पण जुन्या सीडीच्या दसपट पैसे त्या एका शब्दासाठी मोजावेत का, हा प्रश्न खरा आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेळा नाही. आधी सुई बदला, मग हेडफोन घ्या, घरातल्या तबकड्या धुऊन-पुसून घ्या. एवढं करून पैसे उरले तर रिमास्टर, आणि तेही तानपुरा ऐकून.

आता हे रिमास्टर म्हणजे नेमकं काय, ते बघू. कंपनीच्या कपाटातली मूळ टेप काढायची, नव्या यंत्रावर वाजवायची, खरखर कमी करायची, खर्ज आणि तार यांचा तोल नव्याने बसवायचा आणि त्यावरून नवी सीडी, एलपी किंवा फाइल बनवायची. जुन्या पितळी भांड्याला कल्हई केल्यासारखं हे काम: भांडं तेच, पोचेही तेच. तबला मागे पडला असेल तर तो पुढे येत नाही, कारण आपल्याकडची बहुतेक जुनी मुद्रणं मोनो, सगळं एकाच पट्टीवर एकत्र उतरलेलं. वाद्यं सुटी करून पुन्हा मिसळणं हे निराळं काम. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’वर २०२२ साली संगणकाच्या मदतीने ते झालं, पण त्याला रिमिक्स म्हणतात आणि त्याचा खर्चही त्यांनाच परवडतो.

म्हणून पाकिटावर पहिली गोष्ट शोधायची ती म्हणजे कशावरून केलं आहे. मूळ टेपवरून, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून, की आधीच्याच सीडीवरून? चाळीसच्या दशकातल्या ७८च्या तबकड्यांमागे चुंबकीय टेप नसतेच. तेव्हा लताबाईंच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांवर कोणी ‘मूळ मास्टर टेपवरून’ असं छापलं असेल, तर पाकीट परत ठेवून द्यावं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतं. म्हणजे १९६४ आणि त्याआधीची मुद्रणं २०२५पासून त्या संरक्षणाबाहेर आहेत. गीतकार-संगीतकारांचे हक्क त्याहून वेगळे. पण यामुळे झालंय असं, की कोणाच्याही घरची झिजलेली तबकडी संगणकावर चढवून, एक बटण दाबून, तिला रिमास्टर म्हणून विकणारे वाढले आहेत. ज्याने स्रोत लिहिलेला नाही त्याला रिमास्टरचे पैसे द्यायचे नाहीत, हा माझा नियम. लिहिलेलं असलं तरी डोळे मिटून विश्वास नको. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या महागड्या, शौकिनांच्या लाडक्या कंपनीच्या एलपी पूर्ण अॅनालॉग समजून लोक घेत होते. मधल्या टप्प्यावर डिजिटल प्रत वापरली जाते हे २०२२ साली बाहेर आलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आता तानपुरा. टेपची जी ‘स्स्स’ असते आणि तबकडीची जी सुरसुर असते, ती वरच्या कंपनांत राहते. तानपुऱ्याच्या तारांची झणझण, म्हणजे जवारी, तीही तिथेच राहते. सफाई करणाऱ्याने हात जरा जड ठेवला की खरखरीबरोबर जवारीही जाते आणि मागे राहतो तो नुसता घुमारा, पंख्याच्या मोटरीसारखा. पाश्चात्त्य गाण्याच्या माणसाला हे नुकसान सहसा कळत नाही, कारण त्याच्या गाण्यात सतत वाजणारं असं काही बहुधा नसतं. आपल्याकडे मात्र सगळी बैठक त्याच्यावर. म्हणून दुकानात किंवा वर्गणीच्या अॅपवर नमुना ऐकताना ताना ऐकू नका, त्या सगळीकडे छान वाटतात. झुमरा तालातला विलंबित ख्याल लावा आणि गवई श्वास घेतो ती जागा ऐका. अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात अशा जागा मुबलक आहेत. त्या विरामात जवारीचा बारीक तरंग उठत-मिटत राहिला तर सफाई जपून केली आहे. विराम आला आणि पाठीमागचं सगळं गुळगुळीत झालं, किंवा आवाज सुरू झाला की खरखर येते आणि थांबला की एकदम जाते, असं वाटलं तर तिथेच थांबा. ती खरखर असलेली जुनी सीडी चांगली. दहा मिनिटांत कान खरखरीला सरावतो. गेलेल्या जवारीला सरावत नाही.

दुसरी तपासणी आवाजाच्या उंचीची. नव्या आवृत्त्या दुकानात उठून दिसाव्यात म्हणून सरसकट मोठ्याने छापल्या जातात: हळू ते मोठं केलं, मोठं ते दाबलं, सगळं एका पातळीवर. परदेशात मेटॅलिका या बँडच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरून श्रोत्यांनी यासाठीच गहजब केला होता. ख्यालात तर आलापाची कुजबुज आणि द्रुत तान यांच्यातलं अंतर हाच मजकूर. दोन आवृत्त्या ताडून बघताना म्हणून जी मोठी वाजते तिचा आवाज आधी कमी करून दोन्ही सारख्या करा, मगच निवाडा. नाहीतर कान दर वेळी मोठ्या आवाजाच्या बाजूने कौल देतो.

तिसरी तपासणी पट्टीची. ७८च्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या, आणि उतरवून घेणारा बेफिकीर असला की काळी एकचा गवई काळी दोनला जाऊन बसतो. घरात पेटी असेल तर सा लावून बघायला अर्धं मिनिट लागतं. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच गाण्यांची पट्टी तर मुद्दाम सरकवलेली असते, म्हणजे मालकाच्या यंत्राला चोरी सापडू नये.

नव्वदच्या दशकातल्या ‘झंकार’ कॅसेट आठवत असतील. जुन्या गाण्यावर वरून ड्रमचा ठेका बडवलेला. ‘रिव्हायव्हल’ नावाने मूळ गळ्याभोवती नवी वाद्यं वाजवून घेतलेल्या मालिकाही निघाल्या. हे प्रकार अजून अॅपवर आहेत आणि शोध घेतला की कधीकधी मूळ गाण्याच्या आधी तेच येतात. ते रिमास्टर नाहीत. कोणाला आवडत असतील तर हरकत नाही, लग्नाच्या वरातीत बरे वाजतात.

मोनो-स्टिरिओची गोष्ट चटकन सांगतो. एचएमव्हीच्या जुन्या एलपीवर क्रमांकाआधी ‘ई ए एल पी’ किंवा ‘ई सी एल पी’ असेल तर ती सहसा मोनो. ‘ई ए एस डी’ किंवा ‘ई सी एस डी’ असेल तर स्टिरिओ. मूळ मोनो असलेलं गाणं आता स्टिरिओ म्हणून विकत असतील तर हेडफोन लावून ऐका. गळा मधोमध न राहता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला तर ती नुसती करामत आहे.

‘गीतरामायणा’बाबत मात्र दरवर्षी कोणीतरी फसतं. फसवत कोणी नाही, आठवणच दगा देते. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६मध्ये ते प्रसारित झालं तेव्हा वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गळे होते. एचएमव्हीने काढलेला संच सगळा बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजात आहे. आजोबांना रेडिओवरचं हवं असेल आणि तुम्ही महागडा नवा संच आणलात, तर छपाई कितीही उत्तम असली तरी त्यांचा चेहरा पडणारच. चित्रपटाच्या गाण्यांचंही तसंच: पडद्यावरच्या गाण्यात जे कडवं होतं ते कधीकधी तबकडीवर नसायचं, कारण ७८च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. रिमास्टर केल्याने ते कडवं परत येत नाही.

आता खिशाचा हिशेब. समजा, तुम्हाला दहा आवडते अल्बम एलपीवर नव्याने घ्यायचे आहेत. दोन हजारांच्या सरासरीने वीस हजार झाले. प्लेअर नसेल तर बरा प्लेअर पंधरा हजारांच्या आसपास, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर साध्यातले धरले तरी तेवढेच. म्हणजे पन्नास हजार, आणि त्यात एकही नवं गाणं नाही. सुटकेसच्या आकाराचे पाच-सात हजारांचे प्लेअर दिसायला गोड असतात, पण त्यांचा हात तबकडीवर पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकतो; चांगल्या प्लेअरचा भार दोन ग्रॅमच्या आगेमागे. तीन हजारांची रिमास्टर एलपी अशा प्लेअरवर लावणं म्हणजे ती हळूहळू किसणं.

घरात प्लेअर आधीच असेल तर खर्च फारच कमी. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १,००० तास. वडिलांच्या प्लेअरची सुई बहुधा त्यांच्या सेवानिवृत्तीच्या आधीच संपलेली असते. दीड-तीन हजारांत नवी सुई बसवली आणि पाचशे-हजाराच्या ब्रशने तबकडी पुसली, की जुनीच एलपी नवी वाटते. फक्त ७८ची सुई एलपीवर टेकवू नका. ती जवळजवळ तिप्पट रुंद असते.

एलपीचा सोस नसेल तर हिशेब आणखी सोपा. वर्गणी वर्षाला बाराशे ते छत्तीसशे. अॅपल म्युझिकने २०२१पासून आवाज न कातरलेली प्रत त्याच पैशांत द्यायला सुरुवात केली. इतर ठिकाणी त्यासाठी वरचा दर असू शकतो. पण ती घेऊन ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणार असाल तर वरचे पैसे वाया, कारण ब्लूटूथ वाटेत आवाज पुन्हा कातरतो. इंदुरात जेल रोडवर किंवा महाराणी रोडवर फोनला वायरचा हेडफोन जोडायचं चांगलं अॅडॉप्टर दीड-दोन हजारांत मिळतं, बरा हेडफोन तीन-चार हजारांत. एकदाच करायचा खर्च, आणि प्रत्येक गाणं सुधारतं.

वर्गणीची एकच खोड लक्षात ठेवा. नवं रिमास्टर आलं की जुनी प्रत कधीकधी अॅपवरून गुपचूप नाहीशी होते. तुम्हाला तीच प्रिय असेल तर जुनी सीडी शोधून ठेवा. दीड-अडीच हजारांची बाहेरून जोडायची सीडी ड्राइव्ह घेतली की संगणकावर उतरवता येते. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सीडी सहसा बेताच्या आवाजात छापलेल्या असतात, आणि आज त्यांना कोणी विचारत नाही म्हणून स्वस्त. पुण्याच्या आळूरकर म्युझिक हाऊससारख्यांच्या जुन्या कॅसेट आणि सीडी कुठे दिसल्या तर घासाघीस करत बसू नये, घेऊन टाकाव्यात.

सारेगामाचं ‘कारवाँ’ २०१७ साली आलं, मराठी आवृत्तीही आहे. सहा-सात हजारांत हजारो गाणी. आई-बाबांना फोन हाताळायचा कंटाळा असेल तर उत्तम भेट. पण त्यात सुटी गाणी असतात, अल्बम सलग ऐकायची सोय म्हणून ते घेऊ नये.

इंदुरात जुन्या एलपी शोधायच्या तर दुकानांपेक्षा घरं शोधा. रामबाग, नारायणबागेकडची जुनी मराठी घरं पाडून फ्लॅट होताहेत आणि माळ्यावरचे गठ्ठे अटालेवाल्याकडे किलोवर जाताहेत. ओळखीपाळखीत शब्द टाकून ठेवा. घेताना तबकडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरा: केसाएवढे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा नको, आणि कडेने बघून वाकलेली नाही ना ते पाहा. आपल्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली एलपी चार दिवसांत पापड होते. मूळ ७८ची तबकडी कशी असते हे पाहायचं असेल तर राऊजवळ पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी उभारलेलं लता मंगेशकरांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. आधी विचारून जावं.

मग रिमास्टर घ्यायचं कधी? तुमची तबकडी खरोखर झिजली आहे आणि दुसरी मिळत नाही तेव्हा. जुनी सीडीच मुळात वाईट निघाली होती, बाजू अर्धवट तोडलेली होती किंवा पट्टी चुकली होती, आणि नवीत ते दुरुस्त झालंय तेव्हा. पूर्वी कधी न आलेली बैठक सोबत जोडली आहे तेव्हा. आणि सोबतच्या पुस्तिकेत साथीदारांची नावं, तारखा, स्रोत नीट दिलेत तेव्हा, कारण आपल्या तबलजींची आणि सारंगियांची नावं अॅपवर क्वचितच सापडतात. माझ्यापुरतं हे शेवटचं कारण सगळ्यात वजनदार आहे.

ऑनलाइन मागवत असाल तर ऑर्डर देण्याआधी परतीची अट वाचा. एलपी ‘उघडली की परत नाही’ असं बऱ्याच ठिकाणी असतं. परदेशातून मागवली तर टपाल आणि आयात शुल्क धरून किंमत काढा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, दोन्ही बाजू त्याच दिवशी वाजवून बघा, बिल जपून ठेवा. तबकडी वाकडी किंवा भलतीच निघाली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.