घडी पुन्हा घालू नका

माझी लेक साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून मी पलंगावर टाकले होते. ती आपली आपण चढून बसली आणि त्यातले हातरुमाल निवडून घड्या घालायला लागली. कोपऱ्याला कोपरा लागत नव्हता, एक बाजू लांब, एक आखूड. पण सहा रुमाल झाले. एकावर एक ठेवून, वरून हात फिरवून तिने ती चळत माझ्या हातात दिली. मी ‘छान’ म्हणाले आणि म्हणता म्हणता पहिला रुमाल झटकून पुन्हा नीट घडी घातली. मग दुसरा. तिसऱ्याला माझं लक्ष तिच्याकडे गेलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. रडली नाही, काही बोललीही नाही. पलंगावरून उतरली आणि निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कपड्यांच्या ढिगाकडे फिरकली नाही.

तेव्हा मी बालवाडीत शिकवत होते. वर्गात माझ्या हातून असं कधीच झालं नसतं. घरी झालं, कारण घरी आपल्याला काम उरकायचं असतं आणि मुलाला ते करायचं असतं.

आईबाबा भेटले की विचारतात, ‘ताई, घरीच मॉन्टेसरी सुरू करायचंय, काय काय आणू?’ या प्रश्नामागची कळकळ मला कळते. पण सामानाच्या यादीआधी मला तुम्हाला या सहा रुमालांबद्दल सांगावंसं वाटतं. तुमचं मूल जे करील ते त्याच्यादेखत पुन्हा करू नका. एवढं जमलं, तर घरात निम्मी तयारी झाली म्हणून समजा.

ज्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते त्या मारिया मॉन्टेसरी मूळच्या शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांमध्ये दट्ट्यांची पेटी असते. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बसणारा एकेक दट्ट्या. तिथली तीनेक वर्षांची एक मुलगी हे दट्टे काढत होती, मिसळत होती, परत बसवत होती. तिची तंद्री मोडते का ते पाहायला मॉन्टेसरीबाईंनी इतर मुलांना गाणं म्हणायला लावलं, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीने दट्टे मांडीवर धरून ठेवले आणि तिचं काम चालूच राहिलं. चाळीसहून अधिक वेळा. मग ती आपणहून थांबली आणि छान झोप काढून उठावं तशी प्रसन्न होऊन इकडेतिकडे बघू लागली.

मी ही गोष्ट पालकांना वारंवार सांगते, कारण आपण नेमकी हीच तंद्री मोडतो. मूल वाटीतलं पाणी चमच्याने दुसऱ्या वाटीत घालत असतं आणि आपण म्हणतो, ‘अरे वा! आजीला दाखव बरं!’ मोबाईल काढून फोटो घेतो. शाबासकीनेसुद्धा काम थांबतं. मूल मान वर करतं, कामातून आपल्याकडे येतं, आणि पुढच्या वेळी काम कमी करतं, आपल्या तोंडाकडे जास्त बघतं. मान वर करून त्याने आपल्याला शोधलं, तर जरूर हसा. तोवर गप्प बसा.

आता सामानाचं. मॉन्टेसरी साधनांतला गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा सुंदर असतो, दट्ट्यांची पेटीही. पण ती साधनं वर्गातल्या तीस मुलांसाठी आहेत आणि घरासाठी महागही आहेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांपुढे हा प्रश्न आपल्याआधी कितीतरी वर्षं उभा राहिला होता. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी या पद्धतीचं काम केलं आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. समुद्रकाठचं गाव, भोवती वारल्यांचे पाडे. रोमहून आलेली साधनं तिथे परवडणार कशी? ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज सरकारी योजनेचा वाटणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे. तेव्हा ‘आमच्याकडे साधनं नाहीत’ असं निदान महाराष्ट्रातल्या पालकाने तरी म्हणू नये.

आपलं स्वयंपाकघर काठोकाठ भरलेलं असतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी मी नेहमी ओतण्यापासून सुरुवात करते. एक ताट, त्यात दोन लहान फुलपात्रं, एकात अर्धं भरेल एवढे तांदूळ. खाली चटई पसरा. मुलाला शेजारी बसवा आणि एकदा स्वतः करून दाखवा, पण अगदी सावकाश. एका हाताने फुलपात्र धरलं, दुसऱ्याचा आधार दिला, काठ काठाजवळ नेला, ओतलं, शेवटचा दाणा पडेपर्यंत थांबले. या वेळी एक शब्दही बोलू नका. आपण बोलायला लागलो की मूल आपलं तोंड बघतं आणि हात बघायचे राहून जातात. पडलेले दाणे चिमटीने उचलून परत भांड्यात टाका, तेही दाखवा. मग ताट त्याच्यापुढे सरकवा. सांडतील. सांडू देत. सांडलेला तांदूळच त्याला सांगतो की काठ जवळ न्यायला हवा होता, आपण सांगायची गरज नसते.

तांदूळ जमले की पाणी. पाण्याबरोबर एक छोटं फडकं ताटातच ठेवा. पुसणं ही शिक्षा नव्हे, तो त्याच कामाचा शेवट आहे. आणि मुलं ओतण्याइतकीच पुसण्यातही रमतात, हे तुम्हाला चार दिवसांत दिसेल. पुढे मग खऱ्या तांब्याने तुळशीला पाणी घालता येतं, पाहुण्यांना पाणी देता येतं. खेळण्यातल्या कपातून खोटा चहा पाजणारं मूल आणि आजोबांना भरलेलं फुलपात्र दोन्ही हातांनी नेऊन देणारं मूल, यांच्या चेहऱ्यांत फार फरक असतो.

याच वाटेने मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, कणकेचा गोळा लाटणं, उकडलेला बटाटा सोलणं, चमचे आणि काटे वेगळे लावणं. प्रत्येक कामाची कृती मी सांगत बसत नाही, तुमचे हात ती जाणतात. फक्त ती सावकाश करायला शिका. खरं सांगायचं तर हेच आपल्याला अवघड जातं.

एका गोष्टीत मात्र माझा आग्रह आहे. राजमा, चिंचोके, मणी, शेंगदाणे अशा बारीक वस्तू मूल तोंडात किंवा नाकात घालतं. तीन वर्षांच्या आत त्या देऊच नका आणि त्यानंतरही समोर बसूनच द्या. पाण्याची बादली भरलेली सोडू नका. मी गप्प बसा म्हणते तेव्हा उठून दुसरीकडे जा असं म्हणत नाही.

अक्षरांची घाई बहुतेक घरांत असते. चार वर्षांच्या आसपास, मुलाला ओढ दिसली तर, पॉलिश पेपरमधून अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. दोन बोटं त्यावरून लिहायच्या दिशेने फिरवायची आणि आवाज काढायचा. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने जाऊ नका. म, भ, स अशी एकमेकांसारखी दिसणारी अक्षरंही एकदम देऊ नका. दोन-तीन वेगळी अक्षरं घ्या. आधी ‘हा म’, ‘हा ल’ असं आपण सांगायचं. मग ‘म कुठाय?’, ‘ल माझ्या हातात दे’. ‘हे कोणतं?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि तोही दोन पायऱ्या पक्क्या झाल्यावर. आपण पाहुण्यांसमोर थेट या तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि मूल गोरंमोरं होतं. चुकलं तर ‘नाही नाही’ म्हणू नका. कार्ड उचलून ठेवा, उद्या पहिल्या पायरीपासून.

आकड्यांत मराठी मुलाची एक खास अडचण आहे. ‘एकवीस’ म्हणताना आधी एक येतो, मग वीस. लिहिताना आधी २ आणि मग १. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. वाद मोठ्यांचा होता, गोंधळ मुलांचा आहे. खराट्याच्या काड्यांचे एकसारखे तुकडे करा आणि दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात आली की एकवीस काय आहे हे बोटांना कळतं, मग तोंडाने ते कसंही म्हणा.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याशी आधी बोला. ‘पडेल’, ‘सांडेल’, ‘मी देते ना भरवून’ यामागे माया असते, तिला दुखवू नका. त्यांनाच एखादं काम सोपवा. लसूण सोलायला, वाती वळायला आजीइतकी संथ शिक्षिका तुम्हाला मिळणार नाही. आणि दोघं नोकरी करत असाल तर रोज तासभर काढायचा ताण घेऊ नका. सकाळी बस यायच्या वेळी शर्टाची बटणं मुलाला लावायला सांगू नका, तेव्हा तुमच्या हातून धीर सुटणारच. रविवारी लावू दे, दुपारभर.

रुमालांचं पुढे काय झालं ते राहिलंच. मॉन्टेसरी वर्गात घडीसाठी कापडाचे तुकडे असतात, त्यांवर जिथे दुमडायचं तिथे दोऱ्याची रेघ असते. एका रात्री बसून मी चार पांढऱ्या रुमालांवर लाल दोऱ्याने मधोमध धावदोरा घातला आणि काही न बोलता ते खालच्या कप्प्यात ठेवले. तीन-चार दिवस ते तसेच पडून होते. मग एका संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मागे पाहिलं, तर ती जमिनीवर बसून लाल रेघेवरून बोट फिरवत होती. मी गॅसकडे वळले. बऱ्याच वेळाने ती चार घड्या घेऊन आली. दोन रेघेवर होत्या, दोन नव्हत्या. मी त्या जशाच्या तशा कपाटात ठेवल्या, तिच्यासमोर. त्यांतला एक वाकडा रुमाल दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांच्या खिशातून ऑफिसला गेला.