उंच डोंगरातील चालते घर

(द्वितीय वर्ष कला)

'उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो' हे वाक्य आपण सर्वांनी भूगोलात पाठ केलेले असते. परीक्षा झाली की ते विसरलेही जाते. परंतु सारे बिऱ्हाड गाडीत घालून उंच पर्वतात हिंडणाऱ्या कुटुंबाला हेच वाक्य चुलीपासून ब्रेकपर्यंत सर्वत्र भेटते. ते कसे, हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या उदाहरणावरून पाहू.

तिकडे पुष्कळ कुटुंबे सुट्टीत 'आर. व्ही.' घेऊन निघतात. हे चाकांवरचे घरच असते. बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, संडास, सारे आत. राजधानी डेन्व्हर सुमारे १,६०९ मीटर उंचीवर वसली आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे आपला डोंगर जिथे संपतो, जवळजवळ तिथूनच त्यांचा घाट सुरू होतो! पुढे रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात 'ट्रेल रिज रोड' लागतो. सुमारे ७७ किलोमीटरचा हा रस्ता वृक्षरेषा ओलांडून ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद असतो.

पहिला परिणाम स्वयंपाकावर. या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. उकळी दिसते, पण डाळ शिजत नाही. कुकर हवाच.

दुसरा इंजिनावर. विरळ हवेत प्राणवायू कमी. त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते. माथ्यावर जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो.

तिसरा परिणाम माणसांवर. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश सुरू होऊ शकतो. लहान मूल डोके दुखते असे सांगू शकत नाही. ते किरकिर करते, जेवत नाही. अशा वेळी आणखी वर न जाणे, आणि त्रास वाढल्यास ताबडतोब खाली उतरणे, हाच खरा उपाय. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणे तर जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सर्वांत मोठा धोका मात्र उतारावर. दहा टनांची गाडी एक हजार मीटर खाली येते तेव्हा सुमारे २७ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सारी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच ती रोखू द्यायची. तेथील मोठ्या घाटांत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढते फाटे काढलेले आहेत. इंडिपेन्डन्स पासवर तर ३५ फुटांहून लांब वाहनांना बंदीच आहे.

माझे वडील ट्रक चालवतात. त्यांची शाळा चौथीत सुटली. "ज्या गिअरवर घाट चढलास, त्याच गिअरवर उतर," असे ते क्लीनरला सांगतात. वर केलेला हिशेब त्या एका वाक्यात आहे. ज्याच्या गाडीत मागे मुले झोपलेली आहेत, त्याला हा हिशेब मांडता आला नाही तरी चालेल. तो पाळता मात्र आला पाहिजे.

आपल्या पुस्तकातील नियम कोणाच्या तरी हातात आधीपासूनच असतात. ते कोणाच्या हातात आहेत, हे शोधणे हाही अभ्यासाचाच भाग आहे, असे मला वाटते.