शाळेचा नियम व शिक्षकाचा राग

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण गांवोगांवीं मुलांस शिकविण्याचें काम करितात. कोणी शाळेंत, कोणी सायंकाळच्या वर्गांत, कोणी आपल्याच ओटीवर. त्या सर्वांस एक प्रश्न कधींना कधीं पडतोच. मुलानें नियम मोडला असतां काय करावें? नियम सोडून द्यावा तर शाळा बुडते. नियम घेऊन उठावें तर त्याच्याबरोबर रागही उठतो, आणि मग कोण कोणास चालवितो हें कळेनासें होतें. या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही पलूस तालुक्यांतील एका लहान शाळेंत शिकवीत होतों. घंटा झाल्यावर जो येईल त्यानें दाराशीं थांबावें, परवानगी घेऊन आंत यावें, आणि बुडालेला अभ्यास सुटीनंतर बसून पुरा करावा, असा नियम आम्हींच घातला होता. दहा वर्षांचा एक मुलगा ओळीनें तीन दिवस उशिरा आला. वाटेंत पाटाचें पाणी लागे, तेथें तो रमे. तिन्ही दिवस आम्हीं नियमाप्रमाणें केलें. चौथ्या दिवशीं तो ओल्या कपड्यांनीं दारांत उभा राहिला आणि हंसला. सारा वर्गही हंसला. त्यासरशीं आम्हीं त्याची पाटी हिसकून जमिनीवर आपटली आणि म्हणालों, "तुझ्यासारख्याला शाळा कशाला? जा, गुरें राख!"

मुलानें पाटीचे तुकडे गोळा केले व तो निघून गेला. वर्ग शांत झाला. परंतु ती शांतता शिस्तीची नव्हती, भीतीची होती. आणि आमच्या कानांत आमचेंच वाक्य घुमूं लागलें. कारण हेंच वाक्य आमच्या आजोबांस त्यांच्या बाळपणीं शाळेच्या दारांत ऐकावें लागलें होतें. म्हातारपणीं तें सांगतांनाही त्यांचा आवाज कांपत असे. ज्या दारांतून त्यांस घालविलें, त्याच दारांत उभे राहून आम्हीं दुसऱ्याच्या लेंकरास तेंच सुनाविलें!

दोन दिवस मुलगा आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, चूक पोराचीच हाय. पर त्यो म्हनतोय, आता मी गुरंच राखतो." आम्हीं त्याला जवळ बोलावून म्हटलें, "बाळ, उशीर केलास ही तुझी चूक. पाटी फोडली व वाईट बोललों ही माझी. माझी चूक मी भरून देतों, तुझी तूं भरून दे." दुसऱ्या दिवशीं वर्गासमक्ष आम्हीं तेंच पुन्हां बोललों व नवी पाटी त्याच्या हातीं दिली. सुटीनंतर तो राहिलेलीं गणितें करीत बसला. त्यानंतरही एकदोनदां त्यानें उशीर केला, व प्रत्येक वेळीं तोच नियम त्याला लागू झाला. राग मात्र लागू झाला नाहीं.

वाचकहो, त्या मुलाच्या घरीं कोणी आजारी होतें, किंवा त्याला काम होतें, असें कांहीं निघालें असतें तर आम्हीं म्हटलें असतें कीं, आपली चूक इतकीच कीं चौकशी केली नाहीं. परंतु तसें कांहीं निघालें नाहीं. मुलगा खरोखरच दोषी होता. म्हणूनच आम्हांस धडा मिळाला कीं, मूल दोषी असलें म्हणजे आपला राग निर्दोष ठरत नाहीं. त्या धड्यांतून चार गोष्टी आम्ही शिकलों.

पहिली गोष्ट. नियम निराळा, राग निराळा. नियम आधीं सांगितलेला असतो, सर्वांस सारखा असतो, आणि पाळला म्हणजे संपतो. रागाला माप नसतें. रात्रीं आपणांस झोंप लागली कीं नाहीं यावरही तो अवलंबून असतो. तीन दिवस उशीर झाला तेव्हां आम्हांस राग आला नाहीं. वर्ग हंसला तेव्हां आला. म्हणजे तो नियमासाठीं नव्हता, आपल्या मानासाठीं होता.

दुसरी गोष्ट. कायदाही हेंच सांगतो. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें कोणत्याही मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. जो तसें करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणें कारवाई होते. ध्यानांत ठेवा, छडी टाकून दिली म्हणजे कायदा पाळला असें नव्हे. जिभेचा मारही त्यांत येतो.

तिसरी गोष्ट. धाकावांचून शिस्त राहत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आपल्याच जिल्ह्याकडे पाहावें. पलुसाजवळचें कुंडल पूर्वीं औंध संस्थानांत होतें. त्याच संस्थानांत, आटपाडीजवळ, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दींत १९३९ सालीं मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत निघाली. तेथें तट नाहीं. कैद्यांनीं शेती करावी व आपल्या कुटुंबासह राहावें अशी योजना. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. इकडे १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडींत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांस रखवालीचें काम दिलें. तुरुंगांतील माणूस जर विश्वासानें नियम पाळूं शकतो, तर दहा वर्षांचें मूल कां पाळणार नाहीं?

चौथी गोष्ट. राग येण्यापूर्वीं वर्दी देतो, ती ओळखावी. छाती धडधडते, श्वास तोकडा होतो, दांत आवळले जातात. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून एक रस रक्तांत उतरतो व शरीर भांडणास सिद्ध होतें. अशा वेळीं हातांतील वस्तु आधीं खालीं ठेवावी. श्वास हळूहळू बाहेर सोडावा; असें पांचसहा वेळां करावें. मुलास एवढेंच सांगावें, "सुटीनंतर मला भेट." मग एकांतांत, बसून, हलक्या आवाजांत बोलावें. केलेल्या कृत्याविषयीं बोलावें. मुलाच्या बुद्धीविषयीं, घराविषयीं, जातीविषयीं एक शब्दही काढूं नये. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेंत शिक्षक असतां छात्रालयांतील मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरून ठेवीत. मुलांस लाज वाटे व तीं आपण होऊन आवरूं लागत. गुरुजींनीं नियम सोडला नाहीं. तो प्रथम स्वतः पाळून दाखविला.

कोणी म्हणेल, मुलांपुढें चूक कबूल केली तर मान जाईल. आमचा अनुभव उलट आहे. त्या दिवसानंतर त्या वर्गांत चूक लपविणारीं मुलें कमी झालीं. कारण चूक सांगितल्यानें माणूस मरत नाहीं हें त्यांनीं आपल्या शिक्षकापासून पाहिलें होतें.

विचारासाठीं प्रश्न :
१. गेल्या आठवड्यांत आपणांस मुलांचा राग केव्हां आला? तो नियमासाठीं होता कीं आपल्या मानासाठीं?
२. आपल्या वर्गाचे नियम मुलांस आधीं सांगितलेले आहेत काय? ते सर्वांस सारखे लागू होतात काय?
३. बाळपणीं आपणांस टोंचलेलें असें कोणतें वाक्य आहे, कीं जें आपण आज दुसऱ्याच्या मुलास बोलतों?
४. असें कोणतें मूल आहे, कीं ज्याच्या घरीं आपण अजून गेलों नाहीं? या आठवड्यांत जावें.